इतर उत्पन्न : अडतीस हजार आठशे

दि. २४ जून २०१९, सोमवार. रक्कम आठ लाख सात हजार शंभर. हजर : मी, माझी पत्नी, माझी मुलगी आणि सेतू केंद्राच्या खिडकीतल्या बाई.

ही रक्कम आमच्या हातात एकदम कधीच आली नव्हती. ते आमच्या घराचं मागच्या आर्थिक वर्षाचं उत्पन्न होतं आणि त्याचा दाखला काढायला आम्ही सकाळी साडेनऊपासून रांगेत उभे होतो. मुलगी नुकतीच बारावी झाली होती. तिचे गुण पाहता नाशिकमधल्याच एका खाजगी इंजिनीअरिंग कॉलेजात तिला जागा मिळेल असं दिसत होतं. तिथली शिक्षण फी वर्षाला एक लाख आठ हजार. घरचं उत्पन्न आठ लाखांच्या आत असेल तर निम्मी फी सरकार भरणार होतं. म्हणजे दाखल्यावरचा आकडा आठ लाखांच्या आत आला तर आम्हाला चोपन्न हजार भरायचे होते, बाहेर गेला तर एक लाख आठ हजार. आता मुलींना पूर्णच फी माफ असते म्हणतात. आमच्या वेळी निम्मी होती.

चोपन्न हजार मी बाजूला काढून ठेवले होते. त्याहून जास्त नव्हते. घराचे हप्ते चालू होते आणि आईच्या डोळ्याचं ऑपरेशन त्याच वर्षी झालं होतं.

मी अंबडच्या औद्योगिक वसाहतीत एका कारखान्याच्या स्टोअरमध्ये नोकरीला आहे. आलेला माल मोजून घ्यायचा, गेलेला मोजून द्यायचा, दोन्हींची नोंद ठेवायची. तीच सवय घरीही लागली. दर वर्षी एक डायरी, त्यात रोजचा जमाखर्च. फॉर्म सोळावर माझा त्या वर्षीचा पगार बोनस धरून सात लाख अडुसष्ट हजार तीनशे होता. एवढाच आकडा असता तर प्रश्नच नव्हता.

पण पत्नीचे पापड होते.

मुलगी चौथीत असल्यापासून ती उन्हाळ्यात पापड, कुरडया करून विकते. सुरुवात शेजारच्या दोन घरांपासून झाली. मग तिची एक मैत्रीण देवळाली कॅम्पात राहायला गेली आणि तिच्यामुळे फौजी कुटुंबांच्या ऑर्डरी येऊ लागल्या. त्यांच्या बदल्या होत. आसामला, जोधपूरला जाताना ती मंडळी पत्र्याचे डबे भरून पापड घेऊन जात आणि पुढच्या वर्षी तिथून फोन करून ऑर्डरीसाठी कोणा नव्या बाईचं नाव सांगत. काम वाढलं तशी लाटायला एक मावशी येऊ लागली. ती पेठकडची, नवऱ्याच्या मजुरीसाठी शहरात आलेली आणि इथेच राहिलेली. आमच्या गच्चीवर दोघी सकाळी सहाला बसत. पत्नी हौसेने पापड पातळ लाटायची, तेव्हा मावशी म्हणायची, "वैनी, लय पातळ नाय चालायचा. गाडीत मोडंल."

पापडाचे पैसे येतील तसे पत्नी माझ्याकडे देई. मी डायरीत "पापड, जमा" असं लिहीत असे. उडदाची डाळ, मिरी, हिंग, पापडखार, तेल, गहू मी रविवार पेठेतून आणत असे. ते "पापड, माल". त्या वर्षी जमा एकाहत्तर हजार चारशे होते आणि माल बत्तीस हजार सहाशेचा. वजा जाता अडतीस हजार आठशे.

स्वयंघोषणापत्रात नोकरी, शेती, व्यवसाय आणि इतर असे रकाने होते. "इतर" समोर मी अडतीस हजार आठशे लिहिले. बेरीज मर्यादेच्या सात हजार शंभर वर गेली.

खिडकीतल्या बाई माझ्याच वयाच्या असाव्यात. त्यांनी फॉर्म वाचला, चष्मा कपाळावर सरकवला आणि विचारलं, हे इतर काय? मी सांगितलं.

"पापडाचं कोण धरतं, काका?" त्या म्हणाल्या. "फॉर्म सोळा आहे ना तुमचा, तेवढाच लावा. दुसरा कोरा फॉर्म देते."

मुलगी लगेच म्हणाली, "बाबा, घ्या ना दुसरा. सगळे हेच करतात."

मी म्हणालो की सगळ्यांचं मला माहीत नाही, आणि खाली "वरील माहिती खरी आहे" असं छापलेलं आहे, तिथे सही माझी आहे. बाईंनी मागच्या रांगेकडे पाहिलं. मग पत्नीकडे पाहून विचारलं, "तुम्ही तरी सांगा, वहिनी."

पत्नीने फॉर्म हातात घेतला. "इतर" या रकान्यावर तिने बोट ठेवलं, आकडा वाचला, आणि फॉर्म परत खिडकीत सरकवला. मी चौतीस रुपये भरून पावती घेतली. मुलगी आमच्या आधी बाहेर पडली आणि बस स्टँडपर्यंत आमच्या पुढेच चालत राहिली.

तिचं म्हणणं मला समजत नव्हतं असं नाही. तिच्या वर्गातल्या एका मुलीच्या वडिलांचं मेन रोडला कापडाचं दुकान होतं आणि त्यांचा दाखला दीड लाखाचा होता. ते तिने मला त्या आठवड्यात तीनदा सांगितलं. मी प्रत्येक वेळी सांगितलं की ते त्यांचं. घरात मला कोणी अडवलं नाही आणि कोणी माझ्या बाजूनेही बोललं नाही.

दाखला आला, प्रवेश झाला. कॉलेजने निम्मी फी लगेच मागितली आणि उरलेल्या निम्म्या फीला ३१ ऑगस्टपर्यंत मुदत दिली. ती निम्मी म्हणजे सवलतीत बसलो असतो तर सरकारने भरली असती ती. त्यासाठी मी शैक्षणिक कर्जाचा अर्ज केला.

बँकेत मला पाच फेऱ्या माराव्या लागल्या. पहिल्या फेरीत कर्ज पाहणारे अधिकारी रजेवर होते. दुसऱ्या फेरीत त्यांनी कागदांची यादी दिली. तिसऱ्या फेरीत यादीत नसलेले दोन कागद मागितले. चौथ्या फेरीत मुलीला समोर बसवून त्यांनी समजावलं की कर्जदार ती आहे, मी सहकर्जदार. शिक्षणाची चार वर्षं आणि त्यापुढचं एक वर्ष हप्ता नाही, सरळव्याज मात्र चालू राहणार. चार लाखांपर्यंत तारण लागत नव्हतं, म्हणून मंजुरी चार लाखांची घेतली. मुलगी तेव्हा अठरा वर्षं तीन महिन्यांची होती. तिने बारा ठिकाणी सह्या केल्या आणि शेवटच्या सहीनंतर अधिकाऱ्यांना विचारलं, "पापडासाठी कर्ज घेणारी मी पहिलीच का?" त्यांना काही कळलं नाही. मला कळलं.

दि. २६ ऑगस्ट २०१९ रोजी बँकेने चोपन्न हजारांचा पहिला भाग थेट कॉलेजच्या खात्यात भरला.

तेव्हापासून आमच्या घरात त्या कर्जाचं नाव "पापडाचं लोन" असं पडलं. मुलगी ते सरळ हसत म्हणायची. नवीन बूट हवे असले तर "राहू दे, माझ्या डोक्यावर पापडाचं लोन आहे" असं म्हणायची. पाहुण्यांसमोरही म्हणायची. पाहुणे हसायचे आणि पत्नी त्यांना तळलेले पापड वाढायची. मीही हसायचो, पण त्या दिवशी डायरी लिहिताना माझी एखादी बेरीज चुकायची.

आमच्या कॉलनीतल्या मंडळाने त्या वर्षी गुणवंत विद्यार्थ्यांचा सत्कार केला. मुलीला दीड हजार रुपयांचं पाकीट, एक शाल आणि एक घड्याळ मिळालं. कार्यक्रम सव्वातीन तास चालला. पाकीट तिने माझ्या हातात दिलं आणि म्हणाली, "लोनमध्ये जमा करा." मी ते खरंच जमा करायला गेलो होतो. बँकेत सांगितलं की आत्ता भरायची गरज नाही. ते पैसे मग पुस्तकांना गेले.

दुसऱ्या वर्षी पगारवाढ झाली आणि नुसता फॉर्म सोळाच आठ लाखांच्या वर गेला. सवलतीचा प्रश्न तिथेच मिटला. पुढच्या तीन वर्षांत दर वर्षी नव्वद हजार कर्जातून घेतले आणि वरचे मी भरले. मधली दीड वर्षं ती घरात मोबाइलवरच कॉलेज करत होती, फी मात्र पूर्ण होती. २०२३ मध्ये ती पास झाली आणि पुण्याला एका कंपनीत लागली. एकूण कर्ज तीन लाख चोवीस हजार, व्याज वेगळं.

मी या सगळ्याकडे कसं पाहत होतो ते इथे लिहायला हवं. मला वाटत होतं की खरं लिहिण्याची किंमत चोपन्न हजार पडली. किंमत जास्त होती, पण हिशोब बरोबर होता. मुलीला राग आला तरी एक दिवस तिला तो पटेल असंही मला वाटत होतं. पाच वर्षं मी या समजुतीवर राहिलो.

१४ जुलै २०२४, रविवार. ऑगस्टपासून कर्जाचे हप्ते सुरू होणार होते. बँकेचं पत्र आलं होतं, म्हणून मुलगी दोन दिवसांसाठी घरी आली होती. जेवणं झाल्यावर ती कर्जाची फाइल घेऊन बैठकीत जमिनीवर बसली. पहिल्या चोपन्न हजारांवर आतापर्यंत किती व्याज झालं हे तिला वेगळं काढायचं होतं. मी विचारलं की ते वेगळं कशाला. ती म्हणाली, उगाच, माहिती म्हणून. मग तिने २०१८-१९ ची डायरी मागितली. मी कपाटातून काढून दिली. मला त्यात लपवण्यासारखं काही नव्हतं.

तिने पापडाचं पान काढलं आणि बराच वेळ वाचत राहिली. पत्नी स्वयंपाकघरात ओटा पुसत होती.

"आई," मुलीने तिथूनच विचारलं, "तेव्हा मावशीला लाटायचे किती द्यायचीस गं?"

"किलोला तीस."

"आणि त्या वर्षी किती किलो झाले होते?"

"दोनशे दहा. तूच तर पिशव्या मोजल्या होत्यास, परीक्षा संपल्यावर."

मुलीने पान माझ्यासमोर धरलं. "बाबा, मग ते सहा हजार तीनशे यात कुठे आहेत?"

मी पान वरपासून खालपर्यंत पाहिलं. डाळ होती, मिरी होती, प्लॅस्टिकच्या पिशव्यांचे दोनशे चाळीससुद्धा होते. लाटणावळ नव्हती. मी पत्नीला बोलावलं आणि विचारलं की मावशीचे पैसे ती कुठून देत होती.

"घरखर्चातून," ती म्हणाली. "तिला रोजचे रोज लागायचे. तुमच्याकडे मागून, तुम्ही लिहून, मग द्यायचे म्हणजे संध्याकाळ व्हायची."

"आणि दळण?"

"तेही. गिरणीवाल्याचे एकोणीसशे झाले होते, मला आठवतंय, कारण तो शंभर सोडायला तयार नव्हता. आणि कुरडयांच्या चिकाला दोन सिलिंडर जास्तीचे गेले. ते सगळं घरखर्चातच."

दोन सिलिंडरचे मी चौदाशे धरले. सहा हजार तीनशे, एकोणीसशे आणि चौदाशे मिळून नऊ हजार सहाशे. अडतीस हजार आठशेतून ते वजा केले तर एकोणतीस हजार दोनशे राहतात. पगारात मिळवले तर सात लाख सत्त्याण्णव हजार पाचशे. आठ लाखांच्या अडीच हजार आत.

मी तीनदा केलं. मुलीने मोबाइलवर एकदा केलं. उत्तर तेच आलं.

दर महिन्याला पत्नीला बारा हजार रुपये घरखर्चाला देऊन मी ते एका ओळीत लिहीत असे : घरखर्च, १२,०००. त्या ओळीच्या आत काय होतं ते मी कधी पाहिलं नव्हतं. स्टोअरमध्ये एखाद्या खोक्यावर बारा नग लिहिलेलं असलं तरी मी खोका उघडून मोजतो. आता मला आठवलं की उन्हाळ्यात आमच्याकडे पिठलं आणि उडदाच्या पिठाचं डांगर जास्त असायचं. उन्हाळ्यात भाज्या महाग होतात, म्हणून तसं असेल असं मी धरून चाललो होतो.

मुलगी रागावेल असं मला वाटलं. ती रागावली नाही. डायरी मिटून म्हणाली, "म्हणजे तुम्ही खरं लिहिलंच नव्हतं, बाबा. चुकीचं लिहिलं होतं."

मी पत्नीला एवढंच म्हणालो की त्या दिवशी तू खिडकीपाशी होतीस, आकडा वाचला होतास, बोलायचं होतंस.

"मला विचारलं असतंत तर सांगितलं असतं," ती म्हणाली. मग पदराला हात पुसत जवळ येऊन बसली. "एवढे कुठे सुटतात असं मनात आलं होतं माझ्या. पण हिशोब तुमचा, तुम्ही कशाला चुकाल. आणि खरं सांगू का, सरकारी कागदावर माझं उत्पन्न लिहिलेलं पहिल्यांदाच बघत होते. बरं वाटलं मला. आकडा मोठा होता, म्हणून आणखी बरं वाटलं. पोरीची फी त्यात जाते आहे हे मला कळत होतं, तरी मी गप्प बसले."

मुलगी डायरी बाजूला ठेवून तिच्याकडे सरकली. मग म्हणाली, "आई, मी पाच वर्षं पापडाचं लोन, पापडाचं लोन करत होते."

"करत होतीस," पत्नी म्हणाली. "पापडाला नावं ठेवलीस, पण खायची थांबली नाहीस." त्यावर आम्ही तिघंही हसलो. मी सर्वांत शेवटी.

संध्याकाळी मी व्याज काढलं. दर मधे मधे बदलला होता, मी सरासरी साडेनऊ टक्के धरला. चोपन्न हजारांवर वर्षाला पाच हजार एकशे तीस, पाच वर्षांचे पंचवीस हजार सहाशे पन्नास. पाच वर्षं पूर्ण व्हायला काही दिवस कमी होते, ते मी सोडून दिले. एकूण एकोणऐंशी हजार सहाशे पन्नास. मी मुलीला सांगितलं की एवढं कर्ज तिचं नाही, माझ्या चुकीचं आहे, आणि ते मी भरणार.

ती नको म्हणाली. तिला पगार आहे, हप्ता जड नाही, आणि माझ्या निवृत्तीला सहाच वर्षं राहिली आहेत, हे सगळं तिने पुन्हा पुन्हा सांगितलं. मी म्हणालो की चुकीचा माल मी उतरवून घेतला तर त्याची भरपाई पुढच्या पाळीतल्या माणसाकडून घ्यायची पद्धत आमच्याकडे नाही.

पत्नी इतका वेळ ऐकत होती. ती म्हणाली, "सगळे तुमचे कसे? तुम्ही विचारलं नाहीत आणि मी बोलले नाही. चोपन्न हजार तुम्ही भरा. व्याज मी भरते."

मी म्हणालो की तुझे कशाला. तिने पोस्टाचं पासबुक आणून माझ्यासमोर ठेवलं. तिच्या नावावर पोस्टात चाळीस हजार होते, दोन उन्हाळ्यांचे, हे मला त्या संध्याकाळी कळलं. ते डायरीत नव्हते. आताही मी ते लिहिलेले नाहीत, तिने सांगितलं आहे की ते तिचं ती लिहील. तिने त्यासाठी दोनशे पानी वही आणली आहे आणि तिच्या पहिल्या पानावर डाळीच्याही आधी मावशीची लाटणावळ आहे. आता किलोला पंचेचाळीस झाली आहे.

आम्ही पैसे भरायला गेलो तेव्हा बँकेच्या कागदावर त्या दिवशीची एकूण बाकी चार लाख सत्तावीस हजार एकशे पंधरा होती. माझ्या हिशोबापेक्षा ती पाचशे पंधरांनी जास्त होती. मी विचारलं. खिडकीवरच्या अधिकाऱ्याने दर केव्हा केव्हा बदलले ते छापून दिलं, ते मी घरी नेऊन तपासलं आणि त्यांचं बरोबर निघालं. भरण्यानंतर बाकी तीन लाख सत्तेचाळीस हजार चारशे पासष्ट राहिली. मुलीचा हप्ता सहा हजार नऊशे ऐंशी होणार होता, तो पाच हजार सहाशे ऐंशी झाला. तो ती दर महिन्याच्या सात तारखेला पुण्याहून भरते आणि भरल्याचा मेसेज आईला पाठवते.

दि. ५ ऑगस्ट २०२४, सोमवार. मुलीच्या शैक्षणिक कर्जखात्यात बँकेकडे भरणा : माझ्याकडून चोपन्न हजार, पत्नीकडून पंचवीस हजार सहाशे पन्नास, एकूण एकोणऐंशी हजार सहाशे पन्नास. स्लिपा दोन केल्या, कारण पत्नीला तिच्या नावाची पावती वेगळी हवी होती. हजर : मी आणि ती.